आर्लिसचं निळं भांडं

फ्रीझर रिकामा करताना अगदी तळाशी बोटांना काच लागली आणि मी हात मागे घेतला. गारठ्यामुळे नव्हे, हातात लोकरीचे मोजे होते. काय लागलंय ते बोटांना माझ्याआधी समजलं. आमचा तळघरातला फ्रीझर म्हणजे झाकण वर उघडणारी लांबलचक पांढरी पेटी, आणि तिचा तळ गाठायचा तर पोटावर वाकून अर्धं अंग आत घालावं लागतं. तशी मी लोंबकळत होते. कर्टने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मारलेल्या हरणाचं मांस काढून झालं होतं, मासे काढून झाले होते, कुठल्या तरी उन्हाळ्यातल्या ब्लूबेरींची पिशवी काढून झाली होती, आणि त्या सगळ्याखाली साठलेल्या खरबरीत बर्फातून एक निळा कोपरा वर आला होता. आर्लिसचं भांडं. आर्लिस म्हणजे माझी सासू. तिच्या लग्नात मिळालेलं, ओव्हनमध्ये घालायचं, हे जाड निळ्या काचेचं भांडं नऊ वर्षं सापडत नाहीये. ती ते शोधतही नाही. फक्त दर थँक्सगिव्हिंगला दुसऱ्याच भांड्यात रताळी कोंबताना "निळ्यात बरोबर मावली असती" एवढं म्हणते आणि कोणाकडेच बघत नाही. ते कुठे आहे हे मी विसरले होते असं म्हटलं तर खोटं होईल. दुखरी दाढ वाचवून आपण दुसऱ्या बाजूने चावायला शिकतो, तशी मी नऊ वर्षं फ्रीझरच्या वरच्या थरातूनच वस्तू काढत आले होते.

रिकामा करायचा होता तो ब्रिटासाठी. ब्रिटा माझी धाकटी जाऊ. तिला आठवा लागला होता आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिचा बेबी शॉवर माझ्या घरी होता. आमच्या चर्चच्या बायकांना झबली-टोपड्यांचं कौतुक नाही. त्या येतात त्या बाह्या सरसावून, आणि दिवसभर रांधतात. बाळ आलं की आईला चुलीकडे बघावं लागू नये म्हणून दोन महिन्यांचं जेवण भांड्याभांड्यांतून भरायचं, वर फॉईल घट्ट बसवायची, कागदी चिकटपट्टीवर काय आहे ते लिहायचं आणि गोठवून टाकायचं. एरवी हे चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात होतं. पण फेब्रुवारीच्या गारठ्यात तिथला नळ फुटला, ब्रिटाच्या फ्लॅटमधल्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा धड मावत नाही, आणि आर्लिसचा फ्रीझर कायम गळ्यापर्यंत भरलेला. तेव्हा मीच उरले. आर्लिसने फोनवर विचारलं नाही, सांगितलं, की तुझ्याकडे करू, सगळं तुझ्याच फ्रीझरमध्ये ठेवू, ब्रिटाचा नवरा टॉड येऊन लागेल तसं नेईल. तुलाही बरं वाटेल. आमच्या डलूथ गावात कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. फार झालं तर "बघू" म्हणतात. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही.

आणि मला दहावा आठवडा होता. हे जगात कोणालाही माहीत नव्हतं, कर्टलासुद्धा. तपासायची पट्टी मी पुलापलीकडच्या सुपीरियर गावात जाऊन, ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा दुकानातून आणली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी बाईने लाजावं की हरखावं हे मला कळत नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की हे या बायकांना समजलं की त्या बाह्या सरसावतील. माझा फ्रीझर भरतील. आणि ते मला पुन्हा सोसणार नव्हतं. उद्याचा दिवस कोणाला काहीही न कळता पार पडावा, एवढंच माझं मागणं होतं. ते भांडं मी भोवतालच्या बर्फासकट उचकटून काढलं आणि कपडे धुवायच्या सिमेंटच्या टाक्यात ठेवून वर जुना टॉवेल टाकला. पाघळलं की आतलं कचऱ्यात ओतू, असं ठरवलं. मग टॉवेलखालच्या त्या चौकोनी उंचवट्याकडे पाठ करून मी दिवा मालवला आणि वर आले.

माझाही बेबी शॉवर असाच झाला होता. तो चर्चच्या तळघरातच. मी खुर्चीत राणीसारखी बसले होते आणि पाय सुजले होते, आणि या सगळ्याजणी माझ्यासाठी खिमा परतत होत्या. खिमा, त्यावर डब्यातलं घट्ट मशरूम सूप, त्यावर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या ओळीने मांडलेल्या: आमच्या हॉटडिशमध्ये याहून वेगळं काही नसतं. माझ्या भांड्यांच्या चिकटपट्ट्यांवर त्यांनी खुशीने छोटी छोटी पावलंही काढली होती. मग मुलगी झाली, आणि ती श्वास न घेता झाली. तिचं नाव आम्ही ठेवलं होतं, ते मी इथे सांगणार नाही. दफनानंतर त्याच तळघरात, त्याच बायकांनी, त्याच टेबलांवर जेवण मांडलं, आणि काय मांडलं तर हॉटडिश. जन्माला जे करतात तेच मरणाला करतात. फरक एवढाच की त्यावर पावलं नव्हती. मी कोट न काढता भिंतीला टेकून उभी होते. अंगातून दूध पाझरत होतं आणि कोटाला आतून ओल येत होती. आर्लिस माझ्याजवळ आली, माझ्या बाहीवरचा नसलेला धागा झटकला आणि म्हणाली, "निदान फ्रीझर भरलेला आहे."

ते वाक्य मी गिळलं, पण पचवलं कधीच नाही. नंतर सारा उन्हाळा कर्ट रोज संध्याकाळी तळघरातून एक भांडं वर आणायचा. पावलांची चिकटपट्टी सोलून, चुरगाळून टाकायचा, भांडं ओव्हनमध्ये ठेवायचा आणि टेबलाशी वाट पाहत बसायचा. मी म्हटलं, फेकून दे. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. अन्न फेकायचं असतं ही कल्पनाच त्याच्या घराण्यात कोणाच्या डोक्यात शिरलेली नाही. तो रडत नव्हता, बोलत नव्हता, खात होता. सूप कडांनी बुडबुडायचं, त्याचा खारट, कुबट वास पडद्यांत बसायचा, आणि त्याच्या मिशीला लागलेला पांढरा थेंब तो जिभेने आत ओढायचा. मी समोर बसून बघायचे. माझं पोट ओसरत होतं आणि त्याचं सुटत होतं. तिच्या वाटचं कोणी तरी खातंय असं मला वाटायचं, आणि ज्याच्याशी लग्न केलं त्या माणसाच्या जबड्याची मला किळस यायची. ती पुढेही कित्येक वर्षं पुरली. रिकामी भांडी मी घासायचे. आमच्याकडे भांड्याच्या बुडाला मालकिणीचं नाव चिकटवलेलं असतं आणि ज्या घरी भांडं आलं त्या घरच्या बाईने ते स्वतःच्या हातांनी परत करायचं असतं. मला ते जमेना. कर्ट गाडीतून दारोदार देऊन आला. शेवटी एकच निळं भांडं उरलं, आणि एका दुपारी मी ते सगळ्यात खाली सारून वर हरीण रचलं. ते खाल्लं गेलं की संपणार होतं. संपणं मला नको होतं, की संपवणारा तो नको होता, हे आजही मला सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी पुरुष मंडळी गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची खोपटी बर्फ मऊ पडायच्या आत काठावर ओढून आणायला गेली, आणि बायका आल्या. दारात बुटांची रांग लागली, माझ्या पलंगावर कोटांचा ढीग झाला, आणि काही क्षणांत माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. डोरीनने ओटा ताब्यात घेतला. डोरीन म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची अघोषित मुख्यमंत्री. जाडजूड, आनंदी, आणि तिचं नाक म्हणजे एक वेगळंच प्रकरण. ब्रिटाला दिवस गेलेत हे आपण ब्रिटाच्याही आधी ओळखलं, असं ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती. "हिने कॉफीचा कप बाजूला सारला," ती म्हणाली, "आणि मी मनात म्हटलं, झालं काम." सगळ्या हसल्या. मी पटकन कप उचलून तोंडाला लावला. कॉफीचा वास जळक्या केसांसारखा नाकात शिरला. एक घोट तोंडात धरून मी खिडकीपाशी गेले, बाहेरच्या बर्फाबद्दल काही तरी बोलायचा आव आणला आणि तो घोट रुमालात सोडला. उरलेली कॉफी जिरेनियमच्या कुंडीत गेली. मग रिकामा कप घेऊन मी सर्वांदेखत पुन्हा भरून घ्यायला आले. सकाळभर हेच चालू होतं.

चिरायला मी कांदे मागून घेतले. कांद्यापाशी डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी कारण विचारत नाही. पण डोळे वाचले तरी नाक कुठे ठेवणार? पलीकडे कच्च्या खिम्याची पाकिटं फोडली जात होती आणि त्यांच्या तळाशी साचलेलं गुलाबी पाणी सिंकमध्ये ओतलं जात होतं. कोणी तरी कोंबडीच्या तंगड्यांवरची कातडी पकडीने ओढून काढत होती. ती सुटताना ओला आवाज यायचा. सूपचे डबे उघडत होते. डबा उलटा करून बुडाला चापट मारली की सूप एक लांब उसासा टाकून डब्याच्याच आकारात खाली घसरतं आणि भांड्यात तसंच उभं राहतं, अंगावर डब्याच्या कड्या उमटलेलं, राखाडी, थरथरतं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले. हातमोज्यांतले हात खिमा मळत होते, बोटांच्या मधून तो बाहेर येत होता, आणि या सगळ्यावरून गप्पा वाहत होत्या: कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पाद्रीबुवांच्या बायकोचं नवं वजन, वसंत कधी येणार, येणार की नाही. ब्रिटा खुर्चीत राणीसारखी बसली होती. तिचे पाय सुजले होते. माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या पायांकडे जात होतं आणि मला तिची भीती वाटत होती. तिच्यासाठी, की माझ्यासाठी, तेवढं निवडून बघायला सवड नव्हती.

"लॉरेल, तू आज कांद्यालाच चिकटलीयस," डोरीन म्हणाली. "खिम्याने तुझं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, माझे हात गार आहेत, चरबी गोठेल. हे इतकं शहाणपणाचं निघालं की तिने मान डोलावली. पण नजर माझ्यावर जरा जास्तच रेंगाळली. आर्लिस तेव्हा टेबलाच्या टोकाला फॉईल कापत होती. ती बायकांत असूनही एकटी बसल्यासारखी दिसते. उंच, पाठ ताठ, ओठ शिवलेले. तिने मान वर केली नाही.

मग डोरीनचा खेळ झाला. प्रत्येक बेबी शॉवरला ती तो करते आणि प्रत्येक बेबी शॉवरला बायका पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या किंचाळतात. लंगोटांमध्ये निरनिराळी चॉकलेटं वितळवायची, ते लंगोट गोल फिरवायचे, आणि हुंगून कुठलं चॉकलेट ते ओळखायचं. पिढ्यान्‌पिढ्या सभ्यतेने वाढलेल्या, कोणाच्या घरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लाजणाऱ्या या बायका नाक लंगोटात खुपसून हसत होत्या. एकीच्या नाकाच्या शेंड्याला तपकिरी लागलं. माझ्यापर्यंत तो गरम, जड लंगोट आला तेव्हा जिभेखाली पाणी सुटलं, ते ओकारीच्या आधी सुटतं ते पातळ पाणी. मी लंगोट हातभर लांब धरला आणि म्हटलं, शेंगदाण्याचं. "हुंगलंच नाहीस की," डोरीन म्हणाली. दाणे दिसतायत, मी म्हटलं. सगळ्या हसल्या, ब्रिटा सगळ्यांत जास्त. लंगोट पुढे सरकला. मी श्वास सोडला. या एका दिवसात मी किती श्वास धरून ठेवले असतील कोणास ठाऊक. माणूस तेवढ्यावर अर्धं तळं पाण्याखालून पोहून जाईल.

भरलेली भांडी थोडी निवली की खाली न्यायची होती. आर्लिस उठली, दोन भांडी एकावर एक घेतली आणि तळघराच्या जिन्याकडे वळली. टाक्यातल्या टॉवेलची मला आठवण झाली तेव्हा ती जिना उतरूनही गेली होती. मी मागोमाग जायला हवं होतं. पण कोणी तरी विळीएवढा सुरा माझ्या हातात दिला आणि आणखी कांदे पुढ्यात ओतले, आणि मी बावळटासारखी चिरत राहिले. खाली झाकण उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला. मग बराच वेळ काही नाही. मग जिन्यावर पावलं, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत येणारी, हातात जड काही असलं की येतात तशी.

ती निळं भांडं पोटाशी धरून वर आली. बर्फ गळून गेला होता. फॉईलला घाम आला होता. वरच्या चिकटपट्टीची शाई पसरली होती, पण पावलं पावलंच होती. माझ्या स्वयंपाकघरातले सगळे चमचे एकाच वेळी थांबले. ब्रिटा सोडली तर तिथली प्रत्येक बाई त्या दिवशी चर्चच्या तळघरात होती. कोणी यातला खिमा परतला होता, कोणी वरच्या गोळ्या ओळीने मांडल्या होत्या. आर्लिसने भांडं ओट्यावर ठेवलं, एक कड उचलून बुडावरचं आपलं नाव पाहिलं, जणू शंकाच होती, आणि ओव्हनचं दार उघडलं.

"आर्लिस, ते जुनं आहे," मी म्हटलं.

"गोठलेलं होतं ना?"

"होतं. पण तुम्ही—"

"मग," ती म्हणाली, आणि भांडं आत सारून दार लावलं. "जेवायला तरी काय केलंय आपण? सगळं ब्रिटाचं."

आमच्याकडे जे बोलायला हवं असतं ते कोणी बोलत नाही. त्या वेळी बायका ओटा पुसतात. सगळ्यांनी ओटा पुसला. ब्रिटाने निरागसपणे विचारलं, की हे कधीचं, आणि आर्लिस म्हणाली, थोडं जुनं. मग वास सुरू झाला. आधी नुसता गरम फॉईलचा, मग ओल्या पुठ्ठ्याचा, मग त्याच्याखालून तो खारट, कुबट, त्या उन्हाळ्याचा वास. तो भिंतींत परत जाऊन बसत होता, आपलीच जागा असल्यासारखा. मला आर्लिसचा तिटकारा आला. अन्न वाया जाऊ नये म्हणून ही बाई काय काय खाऊ घालेल? नात गेली ती गेली, तिचं जेवण तरी सत्कारणी लागू दे. मी कुंडीतल्या जिरेनियमकडे बघत उभी राहिले. त्याची माती काळी, चिकट झाली होती आणि तिच्यातून कॉफीची वाफ येत होती. मी ठरवलं, माझ्या ताटात ते पडलं तर मी खाईन. एक घास, दोन घास. न खाल्लं तर डोरीन बघेल. खाऊन मग ओकायला जाता येईल, निमित्त काढून, नळ सोडून.

आर्लिसने स्वतः वाढलं. मोठा चमचा खोल खुपसून ती चौकोन काढत होती आणि ताटं हातोहात पुढे जात होती. वरच्या गोळ्या राखाडी पडल्या होत्या, कडांना गोठून वाळलेल्या मांसाचे तंतू आले होते. डोरीनने पहिला घास घेतला, चावला, चावत राहिली, आणि म्हणाली, "वाईट नाहीये." बाकीच्यांनीही तेच म्हटलं. माना खाली घालून त्या खात होत्या, काट्यांचे आवाज येत होते, आणि एकीच्या हनुवटीवरून एक थेंब ताटात पडला तो सूपचा नव्हता. ब्रिटाने ताटासाठी हात पुढे केला तेव्हा आर्लिसने तिला वेगळीच बशी दिली. दोन ब्रेडमध्ये चीज घालून तव्यावर भाजलेलं. "तुला जुनं नको," ती म्हणाली. "या दिवसांत ताजं खावं."

मग ती वळली आणि तशीच दुसरी बशी माझ्यापुढे ठेवली.

बशी ठेवली, ब्रेड माझ्या बाजूला येईल अशी जराशी फिरवली आणि स्वतःचं ताट घेऊन बसली. डोरीनने ब्रिटाच्या बशीकडे पाहिलं, माझ्या बशीकडे पाहिलं, मग माझ्या कपाकडे, मग कुंडीकडे. तिचं तोंड उघडलं. आर्लिस तिला म्हणाली, "डोरीन, मीठ दे जरा," आणि डोरीनने मीठ दिलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं घरातली हवा संपली. इतके दिवस दोन्ही हातांनी झाकून धरलेलं ते असं, चीज-ब्रेडसारखं, टेबलावर सगळ्यांमध्ये ठेवलं गेलं होतं. मी उठले. खुर्ची मागे पडली असावी. तळघराचा जिना मी कसा उतरले आठवत नाही. टाक्याच्या सिमेंटच्या कडेला हात टेकून मी ओकले. पोटात काही नव्हतं. पिवळं, कडू पाणी तेवढं पडलं, आणि टाक्यात पडलेल्या त्या टॉवेलवर पसरलं.

मागून आर्लिस आली. तिने आधी नळ सोडला. मग एका हाताने माझे केस मानेवर धरले, आणि दुसरा हात कुठे ठेवावा हे न कळून टाक्यावर ठेवला. तिचे हात मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. नखांत खिमा होता.

"कर्टला?" तिने विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"मग मलाही माहीत नाही," ती म्हणाली.

"डोरीन?"

"डोरीनचं मी बघते."

पाणी वाहत राहिलं. मी तोंड धुतलं, पण वळले नाही. तिच्याकडे पाठ करूनच मला विचारता आलं. "का खाऊ घातलंत ते? सगळ्यांना?"

"टाकवलं नसतं मला," ती म्हणाली. "आणि परत खाली ठेवणं बरं नव्हतं. तुला खाववणार नाही, त्याने एकट्याने पुष्कळ खाल्लंय. मग उरलं कोण? आम्हीच केलं होतं ना ते."

मी विचारलं, चव कशी होती.

"पुठ्ठ्यासारखी," आर्लिस म्हणाली. "दोनदा घेतलं मी."

त्यावर आम्ही दोघी हसलो असं नाही. तिच्या नाकातून एक आवाज आला आणि माझ्याही आला. मग तिने माझे केस सोडले, मागे सरकली आणि तळघरात उगाच इकडेतिकडे बघत म्हणाली, की तू वर जा, ब्रिटा घाबरेल, तिला सांग कांदे बाधले. मी वर गेले आणि कांदे बाधले म्हणून सांगितलं. डोरीन लगेच म्हणाली की बाधतात कांदे, तिच्या बहिणीला असेच बाधले होते. ब्रिटाने विश्वास ठेवला. बाकीच्यांनी ओटा पुसला.

दुपार उताराला लागली तेव्हा कोटांचा ढीग कमी होऊ लागला. मी दारात उभी राहून एकेकीला निरोप देत होते. आमच्याकडे निरोप घेणं आधी टेबलापाशी होतं, मग दारात, मग गाडीच्या काचेतून. त्या सगळ्या गडबडीत बायका मागच्या दाराने ये-जा करताना दिसत होत्या, पण माझं डोकं इतकं जड झालं होतं की मी लक्ष दिलं नाही. सगळ्यात शेवटी आर्लिस राहिली. बूट घालताना ती भिंतीला धरून म्हणाली, की निळं भांडं घासलंय, ओट्यावर पालथं घातलंय, वाळायचंय अजून.

"घेऊन जा ना," मी म्हटलं. "नऊ वर्षं झाली."

"वाळायचंय," ती म्हणाली. "सावकाश आण. पण तू आण. त्याला नको पाठवूस." आणि पायऱ्यांवरच्या बर्फावरून जपून पाय टाकत गाडीकडे गेली. तिच्या गाडीचा मागचा भाग बसला होता, ओझं असल्यासारखा.

संध्याकाळी कर्ट आला, अंगाला पेट्रोलचा आणि तळ्याचा वास घेऊन. त्याने हात धुतले, ओट्याकडे पाहिलं, जेवायला काय उरलंय म्हणून विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सवयीने तळघरात उतरला. मी डोळे मिटले. झाकणाचा आवाज येईल, मग पावलं, मग ओव्हन. झाकणाचा आवाज आला नाही. तो रिकाम्या हातांनी वर आला.

"फ्रीझर बंद आहे," तो म्हणाला. "प्लग काढलाय कोणी तरी. आत काहीच नाही, पुसून कोरडा केलाय. झाकणात लाकडी चमचा अडकवून उघडा ठेवलाय." ब्रिटाचं जेवण कुठे गेलं ते त्याला कळेना.

मलाही ते तेव्हाच कळलं. आर्लिसने सगळं आपल्या गाडीत घातलं होतं. आपला गळ्यापर्यंत भरलेला फ्रीझर आता ती कुठे रिकामा करत असेल, काय काय बाहेर काढत असेल, त्या बाईच्या घरात टाकून तर काही देत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी तिने मला जे सांगितलं होतं ते तिलाही आठवत होतं.

"हरणाचं काय करायचं?" कर्टने विचारलं. "लावू का परत?"

"गॅरेजमध्ये आहे ते. गोठलेलंच राहील," मी म्हटलं. "नको लावूस. तसाच राहू दे, उघडा."

त्याच्या मिशीवर दहिवर वितळून पाणी झालं होतं आणि ते त्याने जिभेने आत ओढलं. मला किळस आली, नेहमीसारखीच, जुनी, ओळखीची. ती गेली नाही. पण ती तशीच असताना मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, ओट्यावरचं निळं भांडं उचलून मधोमध ठेवलं, आणि म्हटलं, बस जरा, उद्या मला तुझ्या आईकडे भांडं द्यायला जायचंय, त्याआधी तुला एक सांगायचंय.